घरचे छायाचित्र, हातची शुभेच्छा

जून महिन्याची पहिली तारीख उजाडली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एरवी न जाणवणारी शांतता उतरते. जेटीवरील लिलावाचा गलका थांबतो, बर्फाच्या गाड्यांची वर्दळ ओसरते आणि यांत्रिक नौका एकमेकींना खेटून विसाव्याला उभ्या राहतात. काही नौका शाकारल्या जातात, काहींची इंजिने खोलली जातात. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक नौकांसाठी बंदीचा काळ असतो. माशांच्या विणीला उसंत मिळावी आणि खवळलेल्या समुद्रापासून माणसांचे रक्षण व्हावे, हे त्यामागील दोन हेतू होत. या दिवसांत खलाशी आपापल्या गावी जातात. कोणी जिल्ह्यातल्याच खाडीकाठच्या गावी, कोणी कर्नाटकात, तर कोणी थेट नेपाळात. मागे उरतात ती तांडेलांची व नौकामालकांची कुटुंबे, जाळ्यांची डागडुजी, आणि हाताशी असलेला थोडा मोकळा वेळ.

याच मोकळ्या वेळात आणखी एक गोष्ट घडते. हंगामातील दहा महिन्यांत मोबाईल फोनमध्ये साठलेली छायाचित्रे निवांतपणे पाहिली जातात. सुरमईने भरलेली टोपली, नव्या नौकेची पूजा, ईदच्या सकाळी नवे कपडे घालून उभी राहिलेली मुले, भगवती बंदराकडून टिपलेला सूर्यास्त, आखाती देशात नोकरीला असलेल्या मुलाची सुटीतली भेट, अशी ती असतात. ही सारी संपत्ती एका हाताच्या पंज्याएवढ्या यंत्रात असते, आणि खारे पाणी या यंत्राला मोठे वैरी आहे. नौकेच्या काठावरून फोन पाण्यात पडणे ही बंदरावरच्या लोकांना नवलाची गोष्ट नव्हे. फोन पुन्हा विकत घेता येतो. त्यातील मुलाचे पहिले पाऊल मात्र पुन्हा टिपता येत नाही. याउलट, आजीच्या ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवलेले एखादे चाळीस वर्षांपूर्वीचे छायाचित्र, कडा पिवळ्या पडलेल्या असल्या तरी, अजून पाहता येते.

छायाचित्र कागदावर उतरवून घरोघरी पोचविण्याचा एक सोपा व आनंददायी मार्ग म्हणजे स्वतःच्या हाताने केलेले शुभेच्छापत्र. संगणकावरील चित्रसंपादनाच्या सोयींमुळे हे काम आज शाळेतील विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे झाले आहे. त्याची रीत, त्यातील खाचाखोचा आणि शाळा, वाचनालये व बचत गट यांना त्याचा कितपत उपयोग होईल, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पत्राची रिकामी झालेली जागा

शुभेच्छापत्राचा आजचा प्रकार तसा परदेशातून आला. लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थांनी १८४३ साली नाताळासाठी छापून घेतलेले पत्र हे विक्रीसाठी निघालेले नाताळाचे पहिले शुभेच्छापत्र मानले जाते. भारतात १ जुलै १८७९ रोजी पोस्टकार्ड सुरू झाले, तर १८८० मध्ये डाकघराची मनीऑर्डर आली. कोकणच्या दृष्टीने या दोन्ही घटना मोठ्या. मुंबईच्या गिरणीत वा गोदीत राबणाऱ्या चाकरमान्याने धाडलेल्या मनीऑर्डरीवर रत्नागिरी जिल्ह्यातील किती चुली पेटल्या, याची गणती नाही. त्या मनीऑर्डरीच्या फॉर्मला खालच्या बाजूस निरोपासाठी एक लहानसा भाग असे. ‘पैसे मिळताच कळवावे, आईच्या औषधाची हयगय करू नये’ एवढेच त्यात मावे, आणि तेवढ्यासाठी तो कागद जपून ठेवला जाई. जुन्या पद्धतीची ती मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. पैसे आता क्षणात खात्यावर जमा होतात. निरोपाचा तो कागद मात्र गेला.

त्याची जागा आज फोनवरील तयार शुभेच्छांनी घेतली आहे. सणाच्या दिवशी एकच चित्र पन्नास ठिकाणांहून येते आणि संध्याकाळी जागा अडते म्हणून पुसून टाकले जाते. त्यातील समुद्र परका असतो. नौकांचा बांधाही कोकणच्या किनाऱ्यावर कधी न दिसणारा असतो. संगणकाकडून आयती चित्रे करवून घेण्याची सोय झाल्यापासून तर हा परकेपणा अधिकच वाढला आहे. नारळी पौर्णिमेच्या शुभेच्छा देताना परदेशी शिडाची होडी दाखवावी लागावी, हे ज्या बंदरात शेकडो नौका समोर उभ्या आहेत तेथे शोभत नाही.

शुभेच्छापत्रांनी काही मोठी कामेही केली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने, म्हणजे युनिसेफने, १९४९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील सात वर्षांच्या एका मुलीने काढलेल्या चित्राचे पत्र छापले आणि तेथून त्या संस्थेच्या शुभेच्छापत्रांची परंपरा सुरू झाली. मुंबईत १९७९ साली रिपन कपूर यांनी स्थापन केलेल्या ‘क्राय’ या संस्थेनेही मुलांच्या कार्यासाठी निधी उभारताना शुभेच्छापत्रांचाच आधार घेतला. मिरकरवाड्यासारख्या वस्तीत अपेक्षा इतकी मोठी ठेवण्याचे कारण नाही. कुवेतमधील मुलाला घरची चार माणसे व दारातली नौका एका कागदावर पाहता आली, तरी पत्राचे काम झाले.

कोणते छायाचित्र घ्यावे

पत्रासाठी छायाचित्र निवडताना सौंदर्यापेक्षा ओळखीला महत्त्व द्यावे. रत्नदुर्गाच्या पायथ्याशी मावळणारा सूर्य सर्वांनाच आवडतो, पण तो सूर्य कोणाचाही असू शकतो. तोच सूर्य पाठीशी घेऊन जाळे सांधत बसलेले वडील मात्र एकाच घरचे असतात. पत्र ज्याला जायचे त्याला चित्रात काय ओळखू येईल, हा प्रश्न आधी विचारावा.

दुसरी गोष्ट आकाराची. छपाईसाठी एका इंचात साधारण ३०० ठिपके, म्हणजे पिक्सेल, असावेत असा संकेत आहे. आजच्या साध्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा सुमारे ४००० × ३००० पिक्सेलचे छायाचित्र देतो आणि ते पत्राला पुरून उरते. परंतु तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविले की ते आक्रसते आणि लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास राहते. एवढ्यावर लहान पत्राचे काम भागते, पण त्यातला एखादाच चेहरा कापून मोठा करू गेल्यास तो धूसर होतो. म्हणून नातेवाइकांकडून छायाचित्र मागविताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविण्यास सांगावे. मूळ आकार कायम राहतो. ही एक साधी गोष्ट माहीत नसल्याने पुष्कळांची मेहनत छपाईच्या वेळी वाया जाते.

जुनी, कागदावरची छायाचित्रे स्कॅन करावी लागतात. कोकणच्या दमट हवेत त्यांवर बुरशी धरते आणि फ्रेममधील काचेला ती चिकटून बसतात. अशी चिकटलेली छायाचित्रे ओढून काढू नयेत, वरचा थर निघून येतो. काचेसकटच स्कॅन करावे. पासपोर्ट आकाराचे, ३५ × ४५ मिलिमीटरचे छायाचित्र इंचाला ६०० ठिपक्यांनी स्कॅन केले तर सुमारे ८२७ × १०६३ पिक्सेल मिळतात व छापताना त्याची लांबी-रुंदी दुप्पट करता येते. त्याहून मोठे करण्याचा मोह टाळावा.

स्टुडिओत काढलेल्या जुन्या छायाचित्राची प्रत काढावी की नाही, अशी शंका काही शिक्षक विचारतात. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, ते काढवून घेणाऱ्याकडे असतो. घरच्या लग्नाच्या छायाचित्राबाबत त्यामुळे सहसा अडचण येत नाही. मात्र वृत्तपत्रातून वा कोणाच्या समाजमाध्यमावरून उचललेले चित्र वापरणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती करू नये.

परवानगीचा आणखी एक भाग कायद्यापेक्षा शिष्टाचाराचा आहे. जेटीवर मासळीची विक्री करणाऱ्या बायांची छायाचित्रे बाहेरून येणारे पर्यटक न विचारता काढतात, आणि ते त्यांना रुचत नाही. गावातल्याच मुलांनी छायाचित्रे काढताना ‘मावशी, काढू का?’ एवढे विचारले तर चेहऱ्यावर हसूही मिळते आणि चित्रही चांगले येते.

संगणकावरील काम

चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोशॉपचे नाव सर्वांत अधिक घेतले जाते. नॉल बंधूंनी तयार केलेली त्याची पहिली आवृत्ती १९९० मध्ये बाजारात आली. ते विकत, आणि आता वर्गणी भरून, घ्यावे लागते. शाळा, वाचनालये व घरगुती वापर यांसाठी ‘गिम्प’ हे सॉफ्टवेअर अधिक सोयीचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ च्या सुमारास त्याचा आरंभ केला, आणि ते आजही विनामूल्य उतरवून घेता येते. त्याची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. चोरीची प्रत वापरण्यापेक्षा हे शिकणे सर्वथा हिताचे, विशेषतः शासकीय शाळांच्या संगणकांवर.

काम सुरू करण्यापूर्वी मूळ छायाचित्राची एक प्रत करून मूळ बाजूला ठेवावे. जेपेग प्रकारची फाईल बदल करून जितक्या वेळा पुन्हा साठवली जाते तितक्या वेळा तिचा दर्जा थोडा घटतो. यासाठी काम चालू असेपर्यंत सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रकारात फाईल ठेवावी आणि शेवटीच छपाईसाठी जेपेग वा पीएनजी काढावी.

बंदरावरच्या छायाचित्रांत तीन दोष हमखास आढळतात. पहिला, समुद्राची रेघ कललेली असते. नौका डुलते, डोलकाठी कलते, ते चालते. क्षितिज मात्र कललेले दिसले की पाणी चित्राबाहेर सांडेल असे वाटू लागते. चित्र किंचित फिरवून ती रेघ सरळ करणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे, आणि त्याने चित्रात जेवढा फरक पडतो तेवढा अन्य कोणत्याही युक्तीने पडत नाही. दुसरा दोष प्रकाशाचा. पाण्यावरची चमक एवढी तीव्र असते की कॅमेरा तिला सांभाळू जातो व माणसांचे चेहरे काळोखात जातात. ‘लेव्हल्स’ वा ‘कर्व्हज’ या साधनांनी गडद भाग हलकेच उजळता येतो. तिसरा दोष मोठा गमतीचा आहे. पावसाळ्यात घरापुढे व जेटीवर निळे प्लॅस्टिक ताणलेले असते आणि त्याखाली बसलेली सारी माणसे छायाचित्रात निळसर दिसतात. रंगांचा तोल साधणाऱ्या साधनाने चित्रातील एखादी पांढरी वस्तू, जसे सदरा, थर्माकोलचा खोका किंवा बर्फ, पांढरी म्हणून दाखवून दिली की उरलेले रंग आपोआप ताळ्यावर येतात.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. चेहरे उजळणे आणि चेहरे गोरे करणे यांत फरक आहे. उन्हावाऱ्यात रापलेली कातडी हा मच्छिमाराच्या आयुष्याचा दाखला होय. फोनमधील कित्येक सोयी न विचारताच ती गुळगुळीत व फिकी करून टाकतात. अशी सोय बंद करून मगच छायाचित्र काढावे. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेसाठी तिचा रंग दोन छटांनी उजळून द्या, अशी मागणी स्टुडिओवाल्यांकडे होते, हे खरे. पण शाळेत शिकविताना तरी हे शिकवू नये.

चित्रात फेरफार करण्याची हौस काही संगणकाने आणलेली नाही. काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने सुरकुत्या बुजविणारे, कृष्णधवल छायाचित्रांत जलरंगांनी गालांना लाली देणारे कारागीर प्रत्येक जिल्ह्याच्या गावी होते. रंगविलेल्या पडद्यापुढे बसून अनेक कुटुंबांनी कधीही न पाहिलेल्या महालात आपली छायाचित्रे काढून घेतली आहेत. फरक इतकाच की त्या काळी हे काम हाताचे व संथ होते, म्हणून त्याला आपोआप मर्यादा पडे.

विद्युत तारा, कचऱ्याचा ढीग, मध्येच आलेला कोणाचा हात, अशा गोष्टी ‘हील’ वा ‘क्लोन’ या साधनांनी पुसता येतात. तार पुसण्यास हरकत नाही. माणूस पुसताना मात्र थांबावे. याच्या उलट मागणीही येते. जो आता हयात नाही त्याला कुटुंबाच्या चित्रात उभे करावयाचे असते. समुद्रावर गेलेला बाप मुलीच्या लग्नाच्या छायाचित्रात असावा, ही इच्छा समजण्यासारखी आहे, आणि थरांच्या, म्हणजे लेयरच्या, सोयीने ती पुरी करणे आज सोपे झाले आहे. ती पुरी करावी की नाही हे त्या घराने ठरवावे. करून देणाऱ्याने एवढेच पाहावे की पाठीमागे ‘जुळवलेले चित्र’ अशी नोंद राहील. तीस वर्षांनी हे छायाचित्र हाती घेणाऱ्या नातवाला बाप लग्नाला होता असे वाटू नये.

पडद्यावरचे रंग व कागदावरचे रंग यांत तफावत पडते, याचीही जाणीव आधीच असावी. पडदा लाल, हिरवा व निळा या तीन रंगांच्या प्रकाशाने चित्र दाखवितो, तर छपाई निळी, किरमिजी, पिवळी व काळी शाई कागदावर थापून होते. समुद्राची पडद्यावरची झळाळती निळाई कागदावर नेहमीच थोडी मंद उतरते. एक नमुनाप्रत काढून पाहावी आणि मगच बाकीच्या काढाव्यात.

दर्या आणि दऱ्या

मजकूर थोडा असावा. चित्राच्या आकाशात किंवा पाण्यात मोकळी जागा असेल तर तेथे चार-सहा शब्द पुरेत, बाकीचे आत हाताने लिहावे. परंतु हे चार शब्द मराठीत नीट उमटणे ही अजूनही अनेकांची अडचण आहे.

जुन्या काळच्या खासगी टंकांतील मजकूर एका संगणकावरून दुसरीकडे नेला की त्याची निरर्थक चिन्हे होत. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ पासूनच देवनागरीला स्थान आहे व आज तीच वापरणे इष्ट. राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ व ‘यशोवेणू’, तसेच आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ असे चांगले युनिकोड टंक विनामूल्य उपलब्ध आहेत. गिम्पमध्ये जोडाक्षरे नीट जुळतात. फोटोशॉपमध्ये ती तुटलेली दिसल्यास पसंतींच्या यादीत जाऊन दक्षिण आशियाई लिपींची अक्षररचना निवडावी लागते. अक्षरांतील अंतर वाढविण्याची सोय इंग्रजीसाठी ठीक आहे. देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात, तेव्हा तिला हात लावू नये. दोन ओळींत अंतर मात्र सढळ ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

मिरकरवाड्याच्या पत्रात एक चूक विशेष संभवते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. यात रफार येतो. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, आणि यात अर्धा र आडव्या रेघेसारखा, ज्याला शाळेत डोळ्याच्या पापणीसारखा र म्हणतात तसा, येतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर साधा र व त्याच कळीवर शिफ्ट दाबून येणारा ऱ हे निरनिराळे आहेत. साध्या र ला हलन्त देऊन य जोडला की ‘दर्या’ होते, ऱ ला जोडला की ‘दऱ्या’. शेजारच्या मिऱ्या गावाचे नाव, किनाऱ्यावर, वाऱ्याला, हे सारे शब्द दुसऱ्या रीतीचे आहेत. ‘दर्या शांत राहो’ अशी शुभेच्छा देऊ जाताना सह्याद्रीच्या दऱ्यांना शांत राहण्यास सांगितले जाऊ नये, यासाठी हे लक्षात ठेवावे!

वस्तीतील अनेक घरांतून उर्दूतही पत्रे लिहिली जातात. उर्दूसाठी ‘नोटो नस्तालिक उर्दू’ हा विनामूल्य टंक चांगला आहे. पण एक गोष्ट विसरली जाते. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचली जाते, म्हणून पत्राची घडी उजव्या हाताला ठेवावी लागते व पत्र उलट्या बाजूने उघडते. मराठी व उर्दू दोन्ही मजकूर असल्यास घडी वरच्या बाजूस घ्यावी. पत्र वर उघडले की आतल्या दोन भागांत एकेक भाषा मांडता येते, आणि कोणाचीच बाजू उलटी होत नाही.

कागद, घडी व चिकटवणे

हाताने केलेल्या पत्राची खरी शोभा कागदात असते. महाराष्ट्राला हातकागदाची जुनी परंपरा आहे. दौलताबादजवळील कागजीपुरा हे गाव या धंद्यावरूनच ओळखले जाते, आणि पुण्यात १९४० मध्ये स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने हा व्यवसाय नव्या काळात पुन्हा उभा केला. हा कागद खरबरीत व शोषक असतो. त्यावर शाईच्या प्रिंटरने छायाचित्र छापले तर शाई पसरते. म्हणून छायाचित्र वेगळ्या, गुळगुळीत छायाचित्र-कागदावर काढून ते हातकागदावर चिकटवावे, हा मार्ग उत्तम.

मापांचा हिशेब असा बसतो. ए-४ आकाराच्या, दर चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या जाड कागदाचे दोन समान तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की १०५ × १४८ मिलिमीटरचे पत्र तयार होते. त्यावर ८५ × १२० मिलिमीटरचे छायाचित्र चिकटविले की भोवती नीटस समास उरतो. या मापाला सुमारे १००० × १४०० पिक्सेल लागतात, म्हणजे आक्रसून आलेले छायाचित्रही चालून जाते. ए-४ छायाचित्र-कागदावर अशा चार प्रती सहज बसतात. ए-४ पानाचे क्षेत्रफळ चौरस मीटरचा सोळावा भाग असते, त्यामुळे अर्ध्या पानाच्या पत्राचे वजन आठ ग्रॅमच्या आतच राहते. छायाचित्र व पाकीट धरूनही ते डाकेच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसते. पाकिटावर शिंपला किंवा मणी चिकटविण्याची हौस मुलांना असते. तसे पाकीट शिक्के मारण्याच्या वेळी फाटते. शिंपले हातोहात द्यावयाच्या पत्रांसाठी राखावेत.

जाड कागद थेट दुमडला तर घडीवर भेगा पडतात. शाई संपलेले बॉलपेन व पट्टी घेऊन घडीच्या जागी आधी दाबून रेघ ओढावी, मग दुमडावे. चिकटविण्यासाठी भाताची किंवा मैद्याची खळ पावसाळ्यात वापरू नये. तिला बुरशी येते व झुरळे लागतात. पांढरा पातळ डिंक कागद ओला करून त्याला पोक आणतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी बरी. त्याहून बरे म्हणजे कागदाचे चार लहान त्रिकोणी कोपरे करून त्यांत छायाचित्र अडकविणे. पुढे कोणाला छायाचित्र काढून फ्रेममध्ये लावावयाचे असल्यास तेही शक्य होते.

जून-जुलैतील हवेत शाईच्या प्रिंटरची प्रत लवकर वाळत नाही, आणि साध्या शाईवर ओला हात लागला की रंग पसरतो. पत्रे सुटी सुटी वाळवावीत, एकावर एक रचू नयेत. शक्य असेल तर शहरातील फोटो स्टुडिओतून प्रती काढाव्यात. त्या ओलाव्याला अधिक टिकतात आणि थोड्या संख्येसाठी बहुधा स्वस्तही पडतात. प्रिंटर घेण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा, कारण त्याच्या शाईचा खर्च पुढे डोईजड होतो.

प्रिंटर साधा व कागद पातळ असेल तर आणखी एक युक्ती आहे. ए-४ पान उभे धरून त्याचे चार भाग कल्पावेत. खालच्या उजव्या भागात मुखपृष्ठ, खालच्या डाव्यात पाठ, आणि वरच्या दोन भागांत आतला मजकूर उलटा ठेवावा. पान एकाच बाजूने छापून आधी वरचा अर्धा भाग मागे दुमडावा व मग डावा भाग मागे घ्यावा. उलटा मजकूर सुलटा होऊन आत जातो. वर्गात हे करून दाखविले तर भूमितीच्या तासाचे काम होते.

शाळा, वाचनालय आणि कमाईचा प्रश्न

या कामाला लागणारी साधने बहुतेक ठिकाणी आहेत. शाळेतील किंवा वाचनालयातील एखादा जुना संगणक, एक स्कॅनर आणि जोडीला गावचा फोटो स्टुडिओ, एवढ्यावर आरंभ होतो. एमएस-सीआयटीसारखा अभ्यासक्रम पुरा केलेले तरुण वस्तीत असतात. त्यांना चित्रसंपादनाची ओळख व्हायला आठवडा पुरतो. बंदीच्या काळात शाळा सुरू झालेल्या असतात आणि घरची मोठी माणसेही घरी असतात. मुले संगणकावर बसतील व आजी-आजोबा कोणत्या छायाचित्रात कोण आहे हे सांगतील, असा योग वर्षातून याच दोन महिन्यांत येतो. ग्रामपंचायतींच्या वाचनालयांनी आणि नगरपरिषदेच्या शाळांनी आठवड्यातील एक दुपार यासाठी ठेवल्यास खर्च नगण्य आहे.

कमाईबाबत मात्र मोठ्या आशा दाखविणे योग्य होणार नाही. हाताने केलेल्या एका पत्राला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि छापील पत्रांचा बाजारही फोनमुळे आटला आहे. बंदीच्या काळात बुडणारे उत्पन्न शुभेच्छापत्रांतून भरून निघेल, असे बचत गटातील महिलांना सांगणे ही त्यांची दिशाभूल ठरेल. बारसे, लग्न, नव्या नौकेचे पूजन अशा प्रसंगी मोजक्या मागण्या मिळू शकतात. रत्नागिरीला येणाऱ्या पर्यटकांना बंदराची खरी छायाचित्रे असलेली पत्रे थोडीफार विकता येतील. त्यासाठीही आधी पंचवीसच पत्रे करावीत, ती खपली तरच पुढच्या कागदाला पैसे घालावेत, आणि ज्याचे छायाचित्र विकले जाणार त्याची लेखी संमती व त्याचा वाटा आधी ठरवावा.

वेळेचे गणितही सांभाळावे लागते. नारळी पौर्णिमेची पत्रे मुंबईला जाणारी असोत की परगावच्या खलाशांना, ती जुलै अखेरपर्यंत डाकेत पडावीत. एकदा हंगाम सुरू झाला की पत्र करायला कोणाला सवड नसते. गणपतीची पत्रेही त्याच बैठकीत उरकून ठेवलेली बरी. ईद चांद्र वर्षाप्रमाणे दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते, म्हणून ती कधी या सुटीत येते, कधी ऐन हंगामात. तिची छायाचित्रे आधीच्या वर्षीच निवडून ठेवावी लागतात. परदेशी धाडावयाच्या पत्रांचे दर डाकघराच्या खिडकीवर विचारून घ्यावेत, आणि पत्ता त्या देशात वाचता येईल अशा लिपीत लिहावा. नेपाळातील खलाशाच्या घरी देवनागरी पत्ता चालतो, आखातात चालत नाही.

पत्र पाकिटात घालण्यापूर्वी छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, तारीख, ठिकाण आणि चित्रातील प्रत्येकाचे पूर्ण नाव डावीकडून उजवीकडे लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो व शाईचे पेन दमटपणाने फुटते, म्हणून पेन्सिलच. घरोघरच्या ट्रंकांतील जुन्या छायाचित्रांत नौकेचे नाव बहुधा वाचता येते. तिच्या काठाला टेकून उभा असलेला चौथा माणूस कोण, हे सांगणारे मात्र आता घरात कोणी उरलेले नसते.